बारा वाजले, तरी सावली होतीच
भौतिकशास्त्रज्ञ लोकांमध्ये जाऊन विज्ञान सांगू लागला की त्याचे संशोधन संपले, असे काही जण म्हणतात. हे मत मला पटत नाही. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगत आणि उत्तराखाली सही करत. त्यांचे विश्वरचनाशास्त्रातील काम त्यामुळे थांबले नाही. उलट, श्रोत्यांमुळे विषय पुन्हा तपासावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाखाली जाते तो दिवस, मेच्या उत्तरार्धात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात येतो. मेमध्ये आकाश निरभ्र, पण शाळेला सुट्टी, आणि जुलैमध्ये शाळा सुरू, पण आभाळ भरलेले. म्हणून ऊन मी म्हणत असताना, मेमध्येच, मारुतीच्या पारासमोर धान्य मोजायची पायली मांडली. बारा वाजले, तरी तिच्या पश्चिमेला बोटभर सावली होतीच. एक आजी म्हणाल्या, “सर, बारा तं वाजले, सावली काहून हाय अजून?” आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरच्या वेळेनुसार चालते, गाव त्याच्या सुमारे साडेचार अंश पश्चिमेला आहे आणि सूर्याला प्रत्येक अंशामागे चार मिनिटे लागतात, हे मी तिथे मातीत रेघा ओढून समजावत होतो, तोवर सव्वाबाराच्या सुमारास सावली पायलीच्या बुडाखाली गेली. हे गणित मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. उन्हात उभे राहून पडताळले मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच.