शिवराईवरची हिरवी पूड: तपकिरी थर न घालवता कशी थांबवू? मदत हवी आहे

घरातल्या जुन्या डब्यातल्या काही तांब्याच्या शिवराया माझ्याकडे आहेत. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. विकायच्या नाहीत. अक्षरं आणि कडेची ठिपक्यांची माळ नीट दिसावी आणि नाणी पुढेही टिकावीत, एवढंच हवं आहे.

वरचा काळपट-तपकिरी थर घट्ट आहे, त्याला धक्का लावायचा नाही. काळजी वाटते ती दोन-तीन नाण्यांची. त्यांच्या अक्षरांच्या खाचेत फिकट हिरवी, भुसभुशीत पूड धरते. टूथपिकने उकरली की खाली बारीकसा खड्डा दिसतो, आणि पावसाळ्यात नेमकी तिथेच पुन्हा येते.

आतापर्यंत डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, पाणी बदलत राहून मऊ ब्रशने माती काढली. ॲसिटोनने तेलकट मळ गेला, पूड तशीच. चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा भांडी घासायची पावडर कृपया सुचवू नका. नाणं लखलखेल, पण त्याचं जुनेपण कायमचं जाईल.

मी रत्नागिरीत राहते, हवा दमट. नाणी कागदी पाकिटात, सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात आहेत. पीव्हीसीची पाकिटं नाहीत.

हा ब्राँझ डिसीज, म्हणजे क्लोराइडमुळे दमट हवेत तांबं पोखरलं जाण्याचा प्रकार असेल, तर सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या (क्लोराइड काढून घेणाऱ्या एका सौम्य क्षाराच्या) द्रावणात ठेवतात असं वाचलंय. शिवराईवर हे कुणी स्वतः केलंय का? द्रावण किती टक्क्यांचं घेतलं, आणि तपकिरी थराचा रंग बदलला का? की पूड उकरून, नाणं पूर्ण वाळवून लिक्विड पॅराफिनचा हलका हात देणंच बरं?