मदत हवी आहे: शाळेच्या मुतारीचा वास जात नाही

आमची मुलांची छोटी शाळा, पाचवी ते दहावी, पट ८५. टाइल्सची सलग मुतारी रोज दोनदा धुतो, तरी मधल्या सुट्टीत वास थेट सातवीच्या वर्गात. डबे उघडायची सोय नाही! फिनाइलने तासभर बरं वाटतं. सायट्रिक अ‍ॅसिडने क्षारांचा पांढरा थर निघाला, वास तसाच. जहाल अ‍ॅसिड मावशींच्या हाती द्यायचं नाही. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकर, म्हणून फ्लशची टाकी नको. सेप्टिक टाकी नुकतीच उपसली आहे. नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालचा भाग, ज्यात साठलेलं पाणी गटाराचा वास अडवतं) बॅटरी मारून पाहिलं, पाणी दिसतं. पण सोमवारी वास जास्त असतो. वास ट्रॅपमधून येतोय की टाइल्सच्या सांध्यांतून, हे फरशी न फोडता कसं ओळखायचं?