रिझनिंगचा प्रश्न तुम्ही कसा सोडवता? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

एमबीएच्या प्रवेशाची सीईटी असो, कायद्याच्या प्रवेशाची क्लॅट असो, नाहीतर सैनिक स्कूलची प्रवेश परीक्षा. लॉजिकल रिझनिंगचं, म्हणजे तर्काच्या प्रश्नांचं, नाव काढलं की अभ्यासिकेत शॉर्टकटचा पाऊस पडतो. इथे ते नकोत. एखादा प्रश्न हातात घेतल्यावर डोक्यात काय काय चाललं, तेवढं सांगा.

विश्रामबाग, सांगली
सीईटीला 200 प्रश्न, 150 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. सरावातला एक सांगतो. क, ख, ग, घ, च उत्तरेकडे तोंड करून एका रांगेत बसलेत. ग बरोबर मध्ये. क हा ख च्या लगेच डावीकडे. घ टोकाला नाही. खात्रीने काय सांगता येईल?

ग मध्ये, हे पक्कं. क-ख जोडी फुटत नाही, म्हणून ती डावीकडच्या दोन जागांवर नाहीतर उजवीकडच्या. डावीकडे बसवली तर घ चौथा, च पाचवा. माझा मित्र इथेच थांबला आणि 'च उजव्या टोकाला' करून मोकळा झाला. पर्यायांत ते होतंच! पेपर काढणाऱ्याला माहीत असतं, पोरं कुठं थांबतात ते. जोडी उजवीकडे नेली की घ दुसरा आणि च पहिला. मग उरतं एवढंच: च कुठल्यातरी टोकाला आणि घ त्याच्या शेजारी. मी दोन्ही आकृत्या एकाखाली एक काढतो, पर्याय नंतर वाचतो. दोन्हींत टिकेल ते उत्तर.

मार्केट यार्डाजवळ, सांगली
मी शिकवणी घेते. फळ्यावर लिहिलं: सर्व हळकुंडं पिवळी आहेत. काही पिवळ्या वस्तू कडू आहेत. निष्कर्ष: काही हळकुंडं कडू आहेत. हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा लगेच, "बरोबर आहे मॅडम! हळद कडूच असती की."

आता सांगलीत बसून याला नाही कसं म्हणायचं? मी वर्तुळं काढली. हळकुंडांचं वर्तुळ पिवळ्यांच्या पोटात. कडूंचं पिवळ्यांना दुसऱ्या बाजूने छेदणारं, हळकुंडांना न शिवणारं. अशी आकृती काढता येते, म्हणून निष्कर्ष निघत नाही. "पण खरं तर हाय की ओ," तो काही हटेना. शेवटी हळकुंडं पुसून 'झिंगुळं' लिहिलं. झिंगुळं कडू असतात का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वाद मिटला.

कराड
सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत. शेवटच्या मिनिटाला उरलेल्या सगळ्या प्रश्नांना कुठला तरी पर्याय निवडून टाका. क्लॅटवाल्यांनी हे ऐकू नये, तिथे पाव गुण जातो.

दहिवडी, ता. माण
मी क्लॅटवालीच. आमच्याकडे उतारा देऊन युक्तिवाद कशाने कमकुवत होईल ते विचारतात. सराव घरीच व्हायचा. बाबा म्हणायचे, बंधारा झाला आणि विहिरीला पाणी आलं, म्हणजे बंधाऱ्यानेच आलं. मी विचारायचे, बंधारा नसलेल्या शेजारच्या गावातल्या विहिरी त्या साली भरल्या का? भरल्या असतील तर पाऊसच चांगला झाला असेल. बंधाऱ्याचा उपयोग नाही असं यातून ठरत नाही, पुरावा लंगडा पडतो इतकंच. बाबांना हा फरक पटायचा नाही, पण परीक्षेत बरेच पर्याय नेमके ह्याच फरकावर बेतलेले असतात.

शाहूपुरी, सातारा
देशातलं पहिलं सैनिक स्कूल इथलं, 1961 चं, त्यामुळे सहावीच्या प्रवेशाची चर्चा गल्लोगल्ली. लेकीची तयारी चालू आहे. बुद्धिमत्तेचे 25 प्रश्न, 50 गुण. आरशात दिसणाऱ्या घड्याळावरून खरी वेळ काढायला मी तिला सूत्र दिलं: 11:60 मधून वेळ वजा कर. 3:40 चे झाले 8:20. ती म्हणाली, "मग सव्वाबाराचं काय?" वजाबाकी होईना. तिने कागदावर घड्याळ काढलं, कागद उलटा करून खिडकीशी धरला आणि पाठीमागून वाचलं. सूत्र पाठ असलेल्या तिच्या मैत्रिणीने 11:60 च्या जागी 23:60 घेतलं. दोघींचं उत्तर एकच आलं, 11:45.