मदत हवी आहे : डॉक्टरांच्या स्मरणार्थ बांधलेल्या पाणपोईचे पाणी लाल येते

हौदाकाठी :
नमस्कार. आमच्या गावात एसटी थांब्यासमोर १९७२ च्या दुष्काळानंतर वर्गणीतून बांधलेली काळ्या दगडाची पाणपोई आहे. पटकीच्या साथीत सायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घालून ‘पाणी उकळून प्या’ असे सांगत फिरलेल्या आमच्या डॉक्टरांचे नाव तिच्यावर कोरलेले आहे, आणि तिथलेच पाणी आता लाल येते म्हणून शाळकरी मुलेही तेथे थांबत नाहीत. अक्षय्य तृतीयेला, उदककुंभ देण्याच्या दिवशी, ती धुऊन सुरू करण्याची प्रथा असल्याने हाती जेमतेम तीन आठवडे आहेत. कोणता फिल्टर बसवावा, एवढेच कृपया सांगावे.

जुना_पाणीवाला :
पाणी विहिरीचे, कूपनलिकेचे की नळयोजनेचे? हौद किती लिटरचा आहे? पाणी तोटीतूनच लाल येते, की भरून ठेवल्यावर लाल होते? हे कळल्याशिवाय फिल्टर सुचवणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय.

वर्गणीदार :
इतके खोलात जाण्याचे कारण नाही. आमच्या गावी आरओ यंत्र बसवले आहे, नाणे टाकले की थंड पाणी मिळते. स्मारकही आधुनिक दिसते.

कातळ :
पाणपोईला नाणे? पाणपोईचे पाणी विकत द्यायचे असेल, तर त्यावरचे डॉक्टरांचे नाव आधी उतरवावे. शिवाय आरओमध्ये एक लिटर पाणी मिळवताना बहुधा दोन-तीन लिटर वाया जाते, हे दुष्काळात उभ्या राहिलेल्या वास्तूला शोभत नाही.

वर्गणीदार :
वाया जाणारे पाणी आम्ही झाडांना घालतो. भावना आणि देखभालीचा खर्च यांत फरक करावा, ही विनंती.

तुरटीभक्त :
हौदात तुरटी फिरवावी. आमच्या आजीने आयुष्यभर दुसरे काही केले नाही.

जुना_पाणीवाला :
तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मात्र मरत नाहीत, आणि पाईपचा गंज तर थांबतच नाही. धागाकर्त्यांनी उत्तर द्यावे.

हौदाकाठी :
पाणी अर्थातच ग्रामपंचायतीच्या नळाचे आहे, दुसरे कुठले असणार? हौद अंदाजे हजार लिटरचा आहे. सकाळची पहिली बादली लाल येते, नंतर पाणी नितळ असते, पण त्याला किंचित वास असतो.

अक्षरवेडा :
कोरीव अक्षरे भरण्यासाठी सोनेरी रंग न वापरता काळा वापरावा, तो उन्हात जास्त टिकतो.

हौदाकाठी :
अक्षरे व्यवस्थित वाचता येतात. प्रश्न पाण्याचा आहे.

जुना_पाणीवाला :
मग बराच उलगडा झाला. कूपनलिकेच्या पाण्यात लोह विरघळलेले असेल, तर ते उपसताना स्वच्छ दिसते आणि हवा लागल्यावर तांबूस होते. तुमच्याकडे उलट आहे, रात्रभर पाईपात थांबलेले पाणीच लाल येते, याचा अर्थ हौदापासून तोटीपर्यंतचा लोखंडी पाईप गंजला आहे. तो बदलावा. वासासाठी जलसुरक्षकाकडून, म्हणजे पंचायतीच्या पाण्याची देखभाल करणाऱ्या माणसाकडून, ओटी चाचणी (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरला आहे का, ते पाहणे; असेल तर पाणी पिवळे होते) दोन ठिकाणी करून घ्यावी, एक पंचायतीच्या टाकीवर आणि एक पाणपोईच्या तोटीवर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन उरायला हवे.

कातळ :
हौदाला आतून काही लावले आहे का? दगडी हौद उगाच वास मारत नाही.

हौदाकाठी (चार दिवसांनी) :
सांगायचे राहून गेले होते. पाच वर्षांपूर्वी उत्साही मंडळींनी हौद आतून निळ्या ऑइलपेंटने रंगवला होता आणि आता त्याचे पापुद्रे सुटत आहेत. मला ते सजावटीचे काम वाटले, म्हणून लिहिले नव्हते. पंचायतीच्या टाकीवर ओटीचा रंग पिवळा आला, पाणपोईवर मात्र पाणी जसेच्या तसे राहिले.

जुना_पाणीवाला :
म्हणजे गावाच्या पाण्यात क्लोरीन आहे आणि तो तुमच्या हौदात संपतो. रंग पूर्ण खरवडून काढावा, तळाचा गाळ उपसावा, हौद ब्लीचिंगच्या तीव्र द्रावणाने धुऊन ते पाणी सोडून द्यावे. त्यानंतर भरताना हजार लिटरला सुमारे ५ ग्रॅम ताजी पावडर घालून अर्धा तास थांबावे आणि ओटी पुन्हा पाहावी. जुनी, ओल लागलेली पावडर घेऊ नये. रोगजंतूंसाठी नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवावा, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत.

वर्गणीदार :
एवढे करूनही आरओ बसवला, तर बिघडले कुठे?

हौदाकाठी :
तूर्त नको. पाईप आणि दोन तोट्या उद्या तालुक्याहून आणतो. रंग खरवडताना दगडाच्या सांध्यांतला माल निघाला, तर आतून पुन्हा काय भरावे, तेवढे कातळ यांनी सांगावे. गवंडी रविवारी येणार आहे.

कातळ :
सांध्यांचा जवळून काढलेला फोटो टाकावा. आधीचा माल चुन्याचा की सिमेंटचा, हे पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही.