सर्व्हिसिंग घरी करावं का मेकॅनिककडेच द्यावं? (२०१६ वॅगनआर)

चालक_धायरी:
नमस्कार मंडळी, माझी २०१६ची वॅगनआर पेट्रोल, ७२ हजार झालंय. वॉरंटी कधीच संपली तरी दरवर्षी सर्व्हिस सेंटरलाच देत होतो, पण यावेळी बिल आलं ८,४०० आणि त्यात ऑइल-फिल्टरचे पैसे दोन हजारांच्या आत, बाकी सगळं इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, खालून कोटिंग, यातलं एकही मी सांगितलं नव्हतं. फार वाईट वाटलं. सोसायटीचं पार्किंग आहे, रविवार मोकळा असतो, पान्यांचा सेट आहे. ऑइल आणि फिल्टर, जमलं तर पुढचे ब्रेक पॅडसुद्धा स्वतः बदलावे म्हणतोय. कोणी करतं का घरी? खरंच किती वाचतात? आणि गाडीखाली जायला डिकीतला जॅक चालेल ना?

तेलकट_हात:
शेवटचा प्रश्न आधी घेतो. नाही चालणार, अजिबात नाही. तो जॅक फक्त चाक बदलायला असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही. माझ्याकडे पेव्हर ब्लॉकवर जॅक तिरका होऊन गाडी खाली बसली होती, मी त्याच मिनिटाला पाना आणायला बाहेर आलो होतो म्हणून आज हे लिहितोय. आठवलं की अजून हात थरथरतात. दोन चांगले स्टँड घ्या, गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ते. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गाडी गिअरमध्ये टाकली म्हणून निर्धास्त राहू नका, तो गिअर पुढच्या चाकांना धरतो आणि तीच तर तुम्ही हवेत उचललेली असतात. घोडीवर ठेवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा, मगच खाली जा.

आता ऑइल. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करा, तापलेल्या इंजिनचं ऑइल हातावर आलं तर भाजतं. जुना फिल्टर काढला की त्याची रबर रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना ते बोट फिरवून बघा, ती तशीच राहिली आणि वर नवीन बसवला तर ऑइल भळाभळा बाहेर येतं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा आणि फिल्टर हातानेच आवळा. ड्रेन नटचा (इंजिनखालचा, जुनं ऑइल काढायचा नट) वॉशर नवीन टाका. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, आधी थोडं कमी ओता, इंजिन जरा चालवून बंद करा, पाच मिनिटांनी गेज (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा, मग हवं तेवढं वाढवा. जास्त झालेलं ऑइलही वाईटच, क्रँक (इंजिनमधला फिरणारा मुख्य दांडा) ते घुसळतो आणि फेस होतो.

पैशांचं म्हणाल तर सामान पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारातून आणलं तरी ऑइलचा खर्च चुकत नाही, वाचते ती फक्त मजुरी, म्हणजे चार-पाचशे. तुमचे बाकीचे सहा हजार गेलेत ते न सांगितलेल्या कामांत, आणि ते वाचवायला गाडीखाली जायची गरजच नाही.

मीरा_ठाणे:
+१. मी गाडीखाली कधीच जात नाही पण बोनेट उघडून जे होतं ते सगळं मीच करते. एअर फिल्टर, वायपर, कूलंटची लेव्हल (इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही), बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी पावडर खायच्या सोड्याच्या पाण्याने साफ करते, आधी निगेटिव्ह काढून. एअर फिल्टरला तर बहुतेक वेळा पानासुद्धा लागत नाही, क्लिपा असतात. आणि सर्व्हिस सेंटरला गाडी देताना जॉब कार्डवर (करायच्या कामांचा कागद) लिहून घेते, "फोन केल्याशिवाय जादा काम करू नये", आणि लिहिल्याशिवाय सही करत नाही. माझं बिल यानेच खाली आलं.

गॅरेजवाला_सातारा:
दादा, २२ वर्षं हेच काम करतोय म्हणून कळकळीने सांगतो, ऑइल खुशाल बदला पण ब्रेकला पहिल्याच वेळी एकट्याने हात लावू नका. पॅड बदलायला, त्या पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबावा लागतो, तेव्हा वरच्या डब्यातून ब्रेक ऑइल सांडतं आणि ते रंग खातं. ब्रेक ज्यांवर सरकतो त्या पिना साफ करून योग्य ग्रीस लावलं नाही तर एकाच बाजूचा पॅड झिजतो. आणि सगळं बरोबर केलं तरी पहिल्यांदा पेडल तळाला जातं, चार-पाच वेळा पंप केल्यावर वर येतं. हे माहीत नसलेला माणूस पार्किंगमधून गाडी काढतो आणि समोरच्या भिंतीवर नेतो, अशी गाडी मी स्वतः दुरुस्त केलीये. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचंच, ते हवेतलं पाणी ओढतं, मग ताम्हिणी उतरताना ब्रेक तापले की पेडल मऊ पडतं.

दुसरं, ड्रेन नट. अंगातला सगळा जोर लावून आवळतात आणि आटे जातात, मग इंजिनखालचा ऑइलचा अख्खा चेंबर बदलायची वेळ येते. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) मिळाला तर उत्तम.

एखादा असा मेकॅनिक शोधा जो तुम्हाला शेजारी उभं राहू देतो. सीलबंद ऑइल तुम्ही घेऊन जा, काढलेले जुने पार्ट मागून घ्या. दोनदा बघितलं की तुमचं तुम्हालाच कळेल काय जमेल ते.

चालक_धायरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. जॅकचं वाचून घरच्यांनी पण दम भरलाय. ब्रेक मेकॅनिककडेच, एअर फिल्टर या रविवारी मी, ऑइलचं घोडी घेतल्यावर बघतो. एकच शंका, निघालेलं जळकं ऑइल कुठे टाकायचं? शेजारचे काका म्हणतात ड्रेनेजमध्ये ओत.

गॅरेजवाला_सातारा:
अजिबात नको. ते नाल्यातून नदीत जातं, आणि नियमाने तो घातक कचरा आहे. रिकाम्या झालेल्या ऑइलच्या कॅनमध्येच भरा, झाकण घट्ट लावा आणि जवळच्या गॅरेजला नेऊन द्या. आमच्याकडे बॅरल असतं, भरलं की रिसायकलिंगवाले घेऊन जातात. फक्त त्यात पाणी किंवा कूलंट मिसळू देऊ नका.