सिटी व्हीटेक टर्बोसाठी ॲडजस्टेबल फ्युएल प्रेशर रेग्युलेटर कुठला घेऊ? बजेट ८ हजार

पावसचा_व्हीटेक
नमस्कार मंडळी. गाडी २००१ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक, रत्नागिरीत असते. कोल्हापुरातून सेकंडहँड टर्बो किट बसवून घेतलंय, बूस्ट (टर्बो हवेला देतो तो जादा दाब) जेमतेम ६ पीएसआय. टाकीत वॉलब्रो २५५ पंप आहे, पण इंजेक्टर नि रेलवरचा (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीवरचा) रेग्युलेटर कंपनीचाच. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पण कंपनीचा, वर पिगीबॅक, म्हणजे त्याचे सिग्नल बदलणारा जोड-बॉक्स. आंबा घाटात तिसऱ्यावर फुल दाबला की वरच्या आरपीएमला लीन होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं मीटर) १३.२ दाखवतो, मग मीच घाबरून पाय काढतो. ट्यूनर म्हणतो ॲडजस्टेबल रेग्युलेटर टाक, प्रेशर वाढवून भागवू. तर कुठला घेऊ? बजेट ८ हजार, फिटिंग धरून. कृपया बजेटमधलंच सांगा.

दापोली_ड्रॅग
एरोमोटिव्ह घे आणि विषय संपव. माझा मेव्हणा मस्कतला असतो, सुट्टीवर येताना घेऊन आला, गेज आणि फिटिंग धरून २२ पर्यंत गेलं पण एकदा सेट केला तो आजपर्यंत हात लावलेला नाही. बजेट वगैरे ठीक आहे रे, इंजिन उघडायला लागलं की ८ हजार कुठल्या कुठे जातात.

मालवणी_मेकॅनिक
अरे मेल्या, तुका कित्याक व्हयो टर्बो? हायवे अजून धड झालो नाय, एक खड्डो चुकवलंस तर दुसऱ्यात पडतलंस. गाडी ईकून बोलेरो घे. रेग्युलेटर पण नको नि पेट्रोल पण नको.

पावसचा_व्हीटेक
काका, बोलेरो घरी आहेच, आंब्याच्या पेट्या न्यायला. ही हौसेची आहे.

चिपळूण७७
एरोमोटिव्ह चांगलाच. पण ऑनलाइन जे अडीच-तीन हजारात मिळतात, जपानी कंपनीचं नाव छापलेले, लाल निळे, गेज लावून आलेले, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. मी माझ्या बलेनोला लावला होता. चार-सहा महिने मस्त, मग सकाळी स्टार्ट करताना त्रास, काळा धूर, ॲव्हरेजची वाट. मेकॅनिकने प्लग बदलले, सेन्सर बदलला, पैसे गेले. शेवटी व्हॅक्युमचा पाइप काढला तर आतून पेट्रोल ठिबकतंय! डायफ्रॅम (रेग्युलेटरमधला रबरी पडदा) फाटलेला आणि पेट्रोल सरळ मॅनिफोल्डमध्ये (इंजिनला हवा नेणाऱ्या नळीत). नशीब आग नाही लागली. हीच बलेनो २०२१ च्या पुरात बुडून परत उभी राहिली होती, पुराने मेली नाही ती या खेळण्याने मारली असती.

घाटवळण
+१ एरोमोटिव्ह. किंवा टर्बोस्मार्ट. डुप्लिकेट नको.

नाटे_जुनी_गाडी
मालपासीचा फिल्टर किंग बघ, काचेची वाटी असते, आत फिल्टर पण येतो. माझ्या जुन्या ८०० ला कितीतरी वर्षं आहे, कधी तक्रार नाही.

लोटे_फिटर
नाटेवाले भाऊ, तो कार्ब्युरेटरचा हो. कार्बला दोन-चार पीएसआय लागतात, याच्या इंजेक्टरला ४३ च्या आसपास. तो लावला तर गाडी चालूच होणार नाही.

आता मूळ मुद्दा, कारण अजून कोणी विचारलाच नाही. पावसवाल्या, तुला रेग्युलेटर लागतोय का हेच आधी बघ. कंपनीच्या रेग्युलेटरला पण मॅनिफोल्डचा व्हॅक्युम पाइप आहे. म्हणजे बूस्ट ६ ने वाढला की रेलचं प्रेशर पण ६ नेच वाढतं, एकास एक. महागडा रेग्युलेटर पण हेच करतो, फक्त मूळ प्रेशर तुझ्या हातात येतं एवढंच.

आता हिशोब. समुद्रसपाटीला हवेचं प्रेशर १४.७, वर तुझा बूस्ट ६, म्हणजे हवा ढोबळमानाने ४० टक्के जास्त. पेट्रोल पण तेवढंच जास्त पाहिजे. पण इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतं. ४० टक्के जास्त पाहिजे तर प्रेशर दुप्पट, ३ बारचं ६ बार. तिथे वॉलब्रोचा पण फ्लो पडतो आणि जुने इंजेक्टर नीट उघडत नाहीत. तू काही शून्यापासून सुरू करत नाहीयेस, कंपनीच्या इंजेक्टरला थोडी जागा असते, पण ती आता संपत आली असणार. खरा उपाय मोठे इंजेक्टर आणि ट्यूनिंग.

आधी एक काम कर. रेलच्या आधी टी टाकून गेज लाव, ते बोनेटच्या फटीतून बाहेर काढून काचेला टेपने चिकटव आणि घाट चढ. बूस्टमध्ये प्रेशर चढून टिकलं तर इंजेक्टर संपलेत. प्रेशर खाली आलं तर पंप, फिल्टर नाहीतर पंपाची वायरिंग. २००१ च्या वायरिंगमधून पंपाला पूर्ण व्होल्टेज पोचत नाही हे खूपदा बघितलंय, वेगळा रिले टाकला की गाडी सुधारते.

दापोली_ड्रॅग
एवढं गणित करायला आपण काय परीक्षेला बसलोय का. एरोमोटिव्ह टाक, प्रेशर वाढव, झालं. माझी चालतेय ना.

लोटे_फिटर
तुमची चालतेय कारण तुम्ही इंजेक्टर पण बदललेत. तुमच्याच जुन्या धाग्यात लिहिलंय.

दापोली_ड्रॅग
ते वेगळं.

सागरी_सतरा
कोणी ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) बद्दल बोलतच नाही. निम्मा प्रॉब्लेम तिथेच आहे. इथेनॉल असलं की इंधन जास्त लागतं, त्यामुळे इंजेक्टरची उरलेली जागा पण तोच खातो. आणि आपल्याकडच्या दमट हवेत पाणी ओढतो, गाडी पावसाळाभर उभी ठेवली की टाकीत काय होतं ते देवाला माहीत. रेग्युलेटर कुठलाही घे पण डायफ्रॅम आणि ओ-रिंग इथेनॉलला चालणारे आहेत का ते लिहून घे. साधं रबर फुगतं.

घाटवळण
ई२० ने माझं ॲव्हरेज पडलं.

मालवणी_मेकॅनिक
सगळ्यांचाच पडला. उसवाल्यांचा बरा झाला.

सागरी_सतरा
आणि त्या १३.२ वर जास्त विश्वास ठेवू नकोस. वाइडबँडचा आकडा साध्या पेट्रोलच्या १४.७ वर (हवा-पेट्रोल नेमकं जुळण्याचा बिंदू) बेतलेला असतो, ई२० चा तोच बिंदू साडेतेराच्या आसपास येतो. लॅम्डामध्ये (त्या बिंदूला १ धरून) बघ. ०.९ म्हणजे बूस्टमध्ये लीनच.

राजापूर_रूल्स
मोटार वाहन कायदा कलम ५२ (गाडीतल्या फेरफाराचं) वाचलंय का? आरटीओने धरलं तर रेग्युलेटरचं प्रेशर नाही, तुझं प्रेशर वाढेल.

पावसचा_व्हीटेक
आरसी बुकाचं नंतर बघू, प्लीज विषयावर राहा.

लोटे दादा, सांगितल्यासारखं केलं. गेज काचेला चिकटवून साखरप्यातून वर गेलो, बायको बाजूला बसून आकडे वाचत होती. बूस्टमध्ये ४९-५० पर्यंत चढतं आणि तिथेच राहतं, खाली येत नाही. म्हणजे इंजेक्टर?

लोटे_फिटर
इंजेक्टरच. पंप, फिल्टर, रेग्युलेटर तिन्ही व्यवस्थित आहेत. वहिनींना सांग, मेकॅनिक म्हणून नोकरी पक्की. ८ हजारात दुसऱ्या होंडाचे जुने मोठे इंजेक्टर मिळाले तर बघ, साफ आणि फ्लो टेस्ट करून घे, चारही सारखे फेकतायत ना ते महत्त्वाचं. पण ट्यूनिंग परत करावं लागेल, नाहीतर आयडललाच रिच होईल (पेट्रोल जास्त).

चिपळूण७७
बरोबर, इंजेक्टर बदल. तरी रेग्युलेटर घ्यायचाच असेल तर ओरिजिनल घे. ऑनलाइन डुप्लिकेट नको, माझा अनुभव वर लिहिलाय.

घाटवळण
एईएमचा होंडाच्या रेलवर थेट बसणारा येतो, दोन बोल्टचा, ॲडॅप्टर लागत नाही. तो पण बजेटबाहेर जाईल म्हणा.

कुडाळ_कॅम
कोणता पण लाव, पण एएन फिटिंगवर (पेट्रोलच्या पाइपचे आट्यांचे जोड) टेफ्लॉन टेप गुंडाळू नकोस, तुकडे इंजेक्टरमध्ये जातात. सेट करताना व्हॅक्युमचा पाइप काढून त्याचं तोंड बंद कर, इंजिन आयडलला ठेव, मग स्क्रू फिरव आणि लॉकनट आवळ. पाइप परत लावला की प्रेशर खाली यायला पाहिजे, नाही आलं तर रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी) बारीक पडतेय, २५५ पंपाला हा त्रास होतो. बाजूचं तेल भरलेलं गेज इंजिन तापलं की चुकीचं दाखवतं, इंजिन थंड असतानाच वाच. आणि रेग्युलेटर फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) लाव, टर्बोच्या डोक्यावर नको. माझा निळा अॅनोडाइज केलेला होता, देवगडच्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात पांढरे डाग.

पावसचा_व्हीटेक
मंडळी, सगळ्यांचे आभार. निर्णय सांगतो, शिव्या द्या. इंजेक्टरचं नीट ट्यूनिंग करायला कोल्हापूरला दोन फेऱ्या आणि ट्यूनरची फी धरून १५ च्या वर जातंय, सध्या शक्य नाही. ऑनलाइनवाला घेतला, २८००. त्यातला डायफ्रॅम पहिल्याच दिवशी काढून इथेनॉलला चालणारा टाकला, कुडाळवाल्यांनी सांगितलं तसा फायरवॉलला लावला, सोबतचं गेज फेकून दिलं. ३ चं ३.५ बार केलं. वर्गमुळाने ८ टक्के पेट्रोल जास्त, फार नाही पण तेवढंच हवं होतं. बूस्ट पण थोडा कमी केला. आता घाटात १२.१ राहतो. गणपतीला आरामात फिरवेन.

चिपळूण७७
एवढं सांगून पण तोच घेतलास!! मग विचारलंस कशाला?

दापोली_ड्रॅग
बजेटमध्ये राहिला म्हणून हार घाला आता याला.

लोटे_फिटर
बूस्ट कमी केलास हे बरं केलंस, बरंचसं काम त्यानेच झालंय. व्हॅक्युमचा पाइप अधूनमधून काढून वास घेत जा, पेट्रोलचा वास आला की त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. आणि पेट्या विकून पैसे आले की इंजेक्टर.

नाटे_जुनी_गाडी
तुझा कंपनीचा काढलेला रेग्युलेटर विकणार आहेस का? माझ्या भाच्याच्या टाइप टू सिटीला हवाय. पावसला येऊन घेऊन जाईन.