मदत हवी आहे: स्लाइपनरच्या मॉडेलमधला सीओटू उत्तरेकडे जातच नाहीये

नमस्कार मंडळी, इथे कुणी रिझर्व्हॉयर सिम्युलेशनवाले (जमिनीखालच्या खडकातून द्रव-वायू कसे वाहतात ते कॉम्प्युटरवर मांडणारे) आहेत का? एमटेकच्या प्रोजेक्टसाठी नॉर्वेच्या स्लाइपनर या गॅस फील्डचं मॉडेल चालवतोय, तेच जिथे 1996 पासून समुद्राखाली उत्सिराच्या वाळूच्या थरात सीओटू साठवायला भरतायत. सॉफ्टवेअर ओपीएम फ्लो, फुकट आहे म्हणून.

घोळ असा की सगळ्यात वरच्या नवव्या थरात सीस्मिकमध्ये (ध्वनिलहरींनी काढलेल्या भूगर्भाच्या चित्रात) सीओटूची लांब जीभ उत्तरेकडे गेलेली चक्क दिसते आणि माझ्याकडे मात्र भाकरीसारखा गोल डाग, एकाच जागी बसून. पर्मिएबिलिटी (वाळूतून द्रव किती सहज वाहतो ते माप) 2 डार्सीवरून 5 डार्सी केली तरी जेमतेम हलला. तापमान 2-3 अंश वाढवलं की घनता पडते (सगळं सीओटूच्या 31 अंशांच्या क्रिटिकल पॉइंटच्या आसपासच आहे ना, तिथे घनता झटकन बदलते) आणि थोडा पुढे सरकतो, पण हे म्हणजे मागचं उत्तर बघून गणित सोडवल्यासारखं झालं. मॉडेलच्या जाळीतले सेल (ठोकळे) 50 मीटरचे आहेत, जाडी 2 मीटर, आणि वरच्या छताचा चढउतार एवढा हलका आहे की तिथेच मार खातोय का? की डार्सीच्या नियमावरचं प्रवाहाचं गणित सोडून सरळ इन्व्हेजन पर्कोलेशन (फक्त तरंगण्याचा जोर आणि छिद्रांचा अडथळा बघणारी पद्धत) करून बघू?

गाईड म्हणतात अजून एक रन मार. एक रन रात्रभर चालतो हो, तोही हॉस्टेलची लाइट गेली नाही तर.